मुरूडची पाळी पाच हजार वर्षांनी

आशिया खंडात आज सुमारे पावणेपाचशे कोटी माणसे राहतात. २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझोऊला आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हा ॲथलेटिक्सचे ४८ प्रकार होते. शर्यती, उड्या, फेकी, चालणे, रिले असे सगळे मिळून ४८. म्हणजे सुवर्णपदकेही साधारण तेवढीच. आता सरळ भागाकार करा. एका सुवर्णामागे जवळजवळ दहा कोटी माणसे येतात.

महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ११ कोटी २३ लाख होती. लोकसंख्येच्या न्यायाने पाहिले तर दर चार वर्षांनी ॲथलेटिक्सचे साधारण एक सुवर्ण आपल्या राज्याच्या वाट्याला यावे. हांगझोऊला ते बरोबर एकच आले, बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेचे, ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये.

रायगड जिल्ह्याची त्याच जनगणनेतली लोकसंख्या २६ लाख ३४ हजार. या हिशेबाने रायगडच्या वाट्याला एक सुवर्ण यायला ३७ ते ३८ आशियाई स्पर्धा व्हाव्या लागतील. चार वर्षांनी एक धरली तर दीडशे वर्षे. १९५१ च्या दिल्लीपासून २०२३ च्या हांगझोऊपर्यंत एकूण स्पर्धाच झाल्या आहेत १९, म्हणजे रायगडची पाळी यायला अजून निम्मा काळ जायचा आहे. आणखी खाली उतरू. मुरूड तालुक्याची वस्ती पाऊण लाखाच्या आसपास आहे. जंजिरा किल्ल्याच्या या तालुक्याची पाळी १,३००हून अधिक आशियाई स्पर्धांनंतर, सव्वापाच हजार वर्षांनी येईल. मोहेंजोदडो वसल्याला अजून पाच हजार वर्षे झालेली नाहीत. मुरूडच्या एखाद्या मुलीने आशियाई सुवर्ण आणले, तर लोकसंख्येच्या गणितात तालुक्याचे पुढचे सुवर्ण थेट इसवी सन ७३०० च्या सुमारास लिहिलेले असेल.

हे गणित मुद्दाम मांडले, कारण ते बरोबर असूनही खोटे आहे आणि ते खोटे ठरवणारा माणूस आपल्याच राज्यात आहे.

रायगडच्या लोकांना मांडवा म्हटले की धक्का आठवतो, मुंबईहून येणारी बोट आठवते. अविनाश साबळेचे गावही मांडवाच, पण ते बीडच्या आष्टी तालुक्यातले. तिथे समुद्र नाही आणि पाऊसही बेताचाच. चार हजार वस्तीचे एखादे गाव धरून वरचा भागाकार केला, तर त्या गावाची पाळी सुमारे एक लाख वर्षांनी येते. साबळे शाळेला जायला सहा किलोमीटर अंतर कापायचा. बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनच्या बर्फात राहिला, मग राजस्थानच्या वाळूत. सैन्यात क्रॉसकंट्री धावू लागला आणि स्टीपलचेसकडे वळला तो २०१७ मध्ये, बावीस-तेविसाव्या वर्षी. सहा वर्षांनी तो आशियाई विजेता होता. एक लाख वर्षांचे काम सहा वर्षांत झाले. भागाकारात माणसे मोजली होती. संधी मोजायला त्या गणितात जागाच नव्हती.

स्टीपलचेस ही शर्यत आपल्याकडे फारशी पाहिली जात नाही, म्हणून तिचे आकडे सांगतो. अंतर तीन किलोमीटर. वाटेत २८ वेळा ९१.४ सेंटिमीटर उंचीचा अडथळा ओलांडायचा आणि शिवाय सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यायची. एकूण ३५ उड्या. हे अडथळे हर्डल्ससारखे धक्क्याने पडत नाहीत. जाड लाकडी तुळई असते, पाय आपटला तर माणूसच पडतो. अशा शर्यतीत भारताचा राष्ट्रीय विक्रम १९८१ पासून गोपाल सैनी यांच्या नावावर होता, ८ मिनिटे ३०.८८ सेकंद. तो ३७ वर्षे टिकला. २०१८ मध्ये भुवनेश्वरला साबळेने ८:२९.८० अशी वेळ देऊन तो मोडला. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याची वेळ होती ८:०९.९१. सदतीस वर्षे जो आकडा तसूभर हलला नव्हता, तो सहा वर्षांत जवळजवळ २० सेकंदांनी खाली आला. या वेगाने २० सेकंद म्हणजे १२० मीटर. २०१८ चा साबळे आणि २०२४ चा साबळे एकाच शर्यतीत धावले असते, तर पुढचा साबळे रेषा ओलांडून वळून पाहताना मागचा अजून शेवटच्या सरळ पट्ट्यात शिरायचा होता.

पण मला सर्वांत जास्त थक्क करतो तो त्याचा एक पराभव. २०२२, बर्मिंगहॅम, राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा. १९९८ पासून २०१८ पर्यंतच्या सहा राष्ट्रकुल स्पर्धांत पुरुषांच्या स्टीपलचेसची अठराच्या अठरा पदके केनियाने नेली होती. त्या भिंतीला साबळेने भगदाड पाडले आणि रौप्यपदक घेतले. केनियाचा अब्राहम किबिवोट ८:११.१५, साबळे ८:११.२०. फरक ०.०५ सेकंद.

पाच शतांश सेकंद ही काय चीज आहे, ते रायगडच्या किनाऱ्यावर मांडून पाहू. या जिल्ह्याला सुमारे २४० किलोमीटरचा किनारा आहे, उरणपासून हरिहरेश्वरपर्यंत खाड्या-वळणांसकट. समजा त्या तीन किलोमीटरच्या शर्यतीचा रबर ताणून तो अख्ख्या किनाऱ्यावर अंथरला. उरणहून दोघे निघाले. मांडवा, किहीम, अलिबाग, नागाव, रेवदंडा, काशीद, मुरूड, दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन मागे टाकून दोघे हरिहरेश्वरला पोहोचले. तिथे किबिवोट पुढे असेल २४ मीटर. लांबीला लांबी लावून ठेवलेल्या कबड्डीच्या दोन मैदानांपेक्षाही कमी. २४० किलोमीटरमध्ये २४ मीटर, दहा हजारांत एक भाग. सुवर्ण आणि रौप्य यांच्यामध्ये एवढीच जागा होती.

कविता राऊतचेही असेच. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची ही मुलगी २०१० च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत दहा हजार मीटर धावली आणि ३३:०५.२८ अशा वेळेत कांस्यपदक मिळवले. दीडेक महिन्यात ग्वांगझोऊच्या आशियाई स्पर्धा आल्या. तिथे तिने तेच अंतर ३१:५१.४४ मध्ये संपवले, म्हणजे जवळजवळ ७४ सेकंद कमी. तरी सुवर्ण हुकले. प्रीजा श्रीधरन ०.९७ सेकंदाने पुढे होती. पंचवीस फेऱ्या, दहा किलोमीटर आणि दोघी भारतीय मुलींमध्ये जेमतेम पाच मीटर. पी. टी. उषा यांचे ऑलिम्पिक पदक हुकवणारा १९८४ चा एक शतांश सेकंद तर घराघरात माहीत आहे.

आता उलट्या बाजूने येऊ. इतक्या बारीक फरकाने जिंकणारा माणूस कोट्यवधींतून शोधायचा तरी कसा? इथे आठ लेनच्या ट्रॅकचे गणित अफाट निघते.

एका हीटमध्ये आठ जण धावतात आणि एक पुढे जातो असे धरा. दोन फेऱ्यांत ६४ जणांतून एक निवडला जातो. पाच फेऱ्यांत ३२,७६८ जणांतून एक. सात फेऱ्यांत जवळजवळ २१ लाखांतून एक, म्हणजे रायगड जिल्हा जवळपास संपलाच. दहा फेऱ्यांत १०७ कोटी. अकराव्या फेरीला आकडा जातो ८५९ कोटींवर आणि आज पृथ्वीवर एकूण माणसे आहेत त्याहून कमी. पाळण्यातल्या बाळापासून शंभरीच्या आजीपर्यंत सगळी मानवजात शर्यतीला उभी केली, तरी तिच्यातला पहिला अकरा शर्यतींत कळतो. जगातला सर्वांत वेगवान माणूस आणि श्रीवर्धनच्या शाळेच्या मैदानावर पहिल्यांदा धावणारा मुलगा यांच्यात फक्त अकरा हीट्सचे अंतर आहे.

आपली शालेय स्पर्धांची शिडी याच धर्तीवर बांधली आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे तीन गट, मुले वेगळी, मुली वेगळ्या. रायगडचे १५ तालुके. क्रीडा खात्याच्या आठ विभागांपैकी आपला विभाग मुंबई. म्हसळ्याच्या मुलीला विभागात मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघरच्या मुलींशी धावावे लागते. दक्षिणेला बाणकोटची खाडी ओलांडली की पलीकडची रत्नागिरीची मुले कोल्हापूर विभागात जातात. समुद्र एक, माती एक, पण हीट वेगळी.

किती शर्यती लागतील याचाही हिशेब करू. प्रत्येक हीटमध्ये सात जण बाद होतात. रायगडच्या सगळ्या २६ लाख ३४ हजार माणसांतून एक निवडायला ३ लाख ७६ हजार हीट्स लागतील. एका हीटला तीन मिनिटे, दिवसाला आठ तास, पंधरा तालुक्यांची पंधरा मैदाने. पाच महिने आणि थोडे दिवस. अख्खा जिल्हा पाच महिन्यांत! फक्त शाळकरी मुले घ्यायची आणि उदाहरणापुरती ती तीन लाख धरायची, तर प्रत्येकाला एकदा शंभर मीटर धावायला लावून वेळ लिहून घ्यायला पंधरा मैदानांवर लागतात सोळा दिवस. गणेशोत्सव आणि दिवाळी यांच्यामधल्या काळात उरकेल एवढे हे काम आहे.

या सुंदर शिडीत एक भोक आहे, आणि माझा सगळा जीव तिथे अडकतो. जिल्ह्यातला पहिला आणि दुसरा एकाच हीटमध्ये आले तर? फक्त पहिला पुढे न्यायचा नियम लावला, तर दुसरा तिथेच बाद. बर्मिंगहॅमची अंतिम शर्यत ही तालुक्याची हीट असती, तर अविनाश साबळे बाद झाला असता. राष्ट्रकुलातला दुसरा माणूस तालुक्यावरून घरी! म्हणून मोठ्या स्पर्धांत हीटच्या विजेत्यांबरोबर उत्तम वेळ देणाऱ्यांनाही पुढे नेतात. हीट कोणतीही असो, घड्याळ सर्वांना एकच. पण त्यासाठी घड्याळ खरे असावे लागते.

तालुक्याच्या मैदानावर फक्कीने लेन आखलेल्या असतात, पंचांच्या हातात स्टॉपवॉच असते. हाताने घेतलेली वेळ नेहमी कमी भरते, कारण स्टार्टरचा धूर दिसून बोट दाबेपर्यंत क्षण जातो आणि शेवटी मात्र धावणारा येताना दिसत असतो, बोट आधीच तयार असते. आंतरराष्ट्रीय संकेत असा की १०० आणि २०० मीटरच्या हाताच्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवले, की ती यंत्राच्या वेळेशी ताडून पाहता येते. साडेबारा सेकंदांत शंभर मीटर धावणाऱ्या मुलीसाठी ०.२४ सेकंद म्हणजे जवळजवळ दोन मीटर. साबळेचे सुवर्ण गेले ते पाच शतांशाने. तालुक्याच्या मोजणीतली ढिलाईच त्याच्या जवळजवळ पाचपट आहे.

आवाजाचाही वेग असतो, हे आपण विसरतो. आपल्या किनाऱ्यावर तीस अंश तापमानाला आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. ४०० मीटरच्या शर्यतीत आठव्या लेनचा धावपटू वळणावर पुढे उभा असतो. पहिल्या लेनपासून तो सरळ रेषेत सुमारे ४६ मीटर दूर असतो. स्टार्टर पहिल्या लेनजवळ उभा राहून क्लॅपर वाजवत असेल, तर आठव्या लेनच्या पोराला तो आवाज ०.१३ सेकंद उशिरा ऐकू येतो. त्याने काहीही चूक केलेली नसताना तो एक मीटर मागून निघतो. म्हणूनच मोठ्या स्टेडियममध्ये प्रत्येक स्टार्टिंग ब्लॉकच्या मागे वेगळा स्पीकर लावलेला असतो. तालुक्याच्या मैदानावर हा दोष टाळायला खर्च शून्य आहे. जाणता स्टार्टर सर्व लेनपासून साधारण सारख्या अंतरावर जाऊन उभा राहतो, एवढेच.

आणि दुसऱ्या टोकाला पॅरिस. २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये अंतिम रेषेवरचा फोटोफिनिश कॅमेरा सेकंदाला ४०,००० चित्रे घेत होता. पुरुषांच्या शंभर मीटरमध्ये नोआ लाइल्स ९.७८४, किशेन थॉम्पसन ९.७८९. फरक पाच सहस्रांश सेकंद, म्हणजे पाच-सहा सेंटिमीटर. आपले स्टॉपवॉच एका दशांशापर्यंत बोलते. तालुक्याचे मैदान आणि ऑलिम्पिकचे मैदान यांच्यातली खरी दरी इथे आहे. तिथला कॅमेरा आपल्या घड्याळाच्या चार हजारपट बारीक पाहतो.

मोजमापाच्या या गोष्टीत पृथ्वीही हात घालते. नीरज चोप्राने ३० जून २०२२ रोजी स्टॉकहोमला भाला फेकला, ८९.९४ मीटर. नव्वदला सहा सेंटिमीटर कमी. पुढची जवळजवळ तीन वर्षे देशभर एकच प्रश्न होता, नव्वद कधी? १६ मे २०२५ रोजी दोह्याला भाला ९०.२३ मीटरवर पडला. आता गुरुत्वाकर्षण पाहा. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे आणि स्वतःभोवती फिरते, त्यामुळे विषुववृत्ताकडे वस्तू किंचित हलकी होते, ध्रुवांकडे किंचित जड. स्टॉकहोम ५९ अंश उत्तरेला, दोहा २५ अंशांवर. वारा, हवा, कोन हे सगळे सारखे धरून फक्त गुरुत्वाकर्षणाचा फरक काढला, तर स्टॉकहोमची तीच फेक दोह्यात ९०.२० मीटरच्या आसपास पडली असती! ज्या नव्वदीसाठी तीन वर्षे वाट पाहिली, ती त्या हाताने कदाचित २०२२ मध्येच गाठली होती. अलिबाग तर दोह्याच्याही दक्षिणेला, साडेअठरा अंशांवर. त्याच भाल्याला इथे आणखी चार सेंटिमीटर मिळाले असते. विक्रमांच्या नियमात वाऱ्याची मर्यादा आहे, पण गुरुत्वाकर्षणाची सूट किंवा दंड नाही. आमच्या किनाऱ्यावर भाला, गोळा, थाळी फेकणाऱ्या मुलांना पृथ्वीने स्टॉकहोमच्या मुलांपेक्षा साडेतीन सहस्रांश एवढे झुकते माप दिलेले आहे. आपण ते कधी वापरले आहे का?

धावणाऱ्यांना मात्र हा किनारा सवलत देत नाही. कोरड्या वाळूत धावायला कडक जमिनीपेक्षा सुमारे १.६ पट ऊर्जा लागते. ओहोटीला उघडी पडलेली ओली वाळू घट्ट असते, पण ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी सरकते. आज सकाळी सहाला मिळालेले मैदान आठवड्याने त्याच वेळी पाण्याखाली असते. कुलाबा किल्ल्याकडे चालत जाणाऱ्या पर्यटकाला हे वेळापत्रक एका दिवसापुरते लागते, सराव करणाऱ्या मुलाला वर्षभर. लांब पल्ला मोजायचा तर मांडवा धक्क्यावरून निघून अलिबाग, चौल, रेवदंडा करत साळावचा पूल ओलांडला, की कोर्लईच्या आसपास मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर भरतात. केल्व्हिन किप्टुम २०२३ मध्ये शिकागोला हे अंतर २ तास ३५ सेकंदांत धावला. आमची एसटी या रस्त्याने थांबे घेत जाते, तेव्हा तिलाही त्याने दृष्टीआड होऊ दिले नसते.

आकडे केवढे फुगले तेही थोडक्यात सांगायला हवे. १९५१ च्या मार्चमध्ये दिल्लीला पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या, तेव्हा ११ देशांचे ४८९ खेळाडू आले होते. हांगझोऊला सुमारे बारा हजार. दिल्लीत मुंबईच्या लेव्ही पिंटोने १०० मीटर १०.८ सेकंदांत आणि २०० मीटर २२.० सेकंदांत जिंकली. त्यानंतर आजपर्यंत एकाही भारतीय पुरुषाला आशियाई शंभर मीटरचे सुवर्ण मिळालेले नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात २०२३ च्या राष्ट्रीय स्पर्धांत दहा हजारांवर खेळाडू उतरले आणि महाराष्ट्राने ८० सुवर्ण, ६९ रौप्य, ७९ कांस्य अशी २२८ पदके घेऊन पहिला क्रमांक मिळवला. १९९४ मध्ये पुण्यात यजमान असताना मिळवलेला तो मान २९ वर्षांनी परत आला. त्याच वर्षीच्या हांगझोऊला अख्ख्या भारताची पदके होती १०७, त्यांतली २९ ॲथलेटिक्सची. एका राज्याची राष्ट्रीय पदके देशाच्या आशियाई पदकांच्या दुपटीहून अधिक! राष्ट्रीय मैदानापर्यंत आपली शिडी भक्कम आहे. वरच्या पायऱ्यांवर शतांश सेकंद सुरू होतात, तिथे ती विरळ होते.

या सगळ्यावरचा उपाय शंभर वर्षांपूर्वी पुण्यात सापडला होता. १९१९ मध्ये दोराबजी टाटा डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. तिथल्या स्पर्धेत त्यांनी शेतकऱ्यांची पोरे अनवाणी लांब पल्ल्याची शर्यत धावताना पाहिली. तंत्र ठाऊक नाही, शिक्षण नाही. पण घड्याळ लावले होते, आणि वेळा पाहिल्यावर लक्षात आले की त्या युरोपातल्या वेळांच्या जवळ जातात. एवढ्या एका नोंदीवरून चक्रे फिरली आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला सहा जणांचा भारतीय संघ गेला, चार धावपटू आणि दोन कुस्तीगीर. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन ऑलिम्पिकच्या इतिहासातली सर्वांत लांब, ४२.७५ किलोमीटर. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत एकोणिसावे आले. भागाकार केला की प्रत्येक किलोमीटरला चार मिनिटांना किंचित कमी वेळ येतो. आज पायात गादीचे बूट घालून, हातात जीपीएसचे घड्याळ बांधून धावणारा हौशी माणूस एक किलोमीटर चार मिनिटांत धावला तर आनंदाने घरी सांगतो. चौगुले असे एकामागून एक बेचाळीस किलोमीटर धावले, आणि वर पाऊण किलोमीटर! कुणीतरी वेळ मोजली म्हणून बेळगावचा माणूस अँटवर्पला पोहोचला. मोजली नसती, तर ती पोरे शर्यत संपवून शेतावर परत गेली असती.

मोजण्याचे महत्त्व अलिबागला सांगायला नको. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर लक्षात आले की त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील. म्हणून १९०४ मध्ये ती मोजणी समुद्रापलीकडे अलिबागला हलवली आणि इमारतही लोखंड टाळून बांधली. जुन्या आणि नव्या नोंदींचा मेळ बसावा म्हणून दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. तिथे आजही चाळीस हजारांत एका भागाएवढा बदल टिपला जातो. म्हणजे साबळे आणि किबिवोट यांच्यातला फरक ज्या प्रमाणात होता, त्याच्या चौपट बारीक. ज्या गावाने पृथ्वीच्या सुईचे एवढे लाड केले, त्या गावाला आपल्या पोरांच्या शंभर मीटरची वेळ नीट मोजणे अवघड जाऊ नये.

पावसाळा ओसरू लागला की तालुक्यातालुक्यात मैदानी स्पर्धा सुरू होतात. क्रीडाशिक्षक बहुतेक वेळा एकटा असतो. मैदान आखायचे, नावे पुकारायची, मुलांना पाणी द्यायचे, निकाल लिहायचा, सगळे त्याच्याच अंगावर. म्हणून उरण, पेण, अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनच्या वाचकांना माझी विनंती आहे. त्या दिवशी मैदानावर जा आणि सरांना विचारा, "घड्याळ लावायला माणूस हवा का?" प्रत्येक लेनला तीन घड्याळे लावायची आणि मधली वेळ धरायची, हा जुना नियम पाळायला माणसेच लागतात, पैसे लागत नाहीत. स्टार्टरला आठव्या लेनची आठवण करून द्या. पहिल्या तिघांच्याच नव्हे, आठही मुलांच्या वेळा वहीत लिहा, लांब उडीतली प्रत्येक उडी आणि गोळ्याची प्रत्येक फेक सेंटिमीटरपर्यंत लिहा, आणि ती वही पुढच्या वर्षीही त्याच मैदानावर घेऊन या.